तिकिटावरचं 'अधिक दोन'

असले किस्से वाचून आजवर सगळ्यात जास्त मीच खिदळलेय. भुतंखेतं, भास... सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायचे. तरी आज लिहायला बसलेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला कॉलेज रोडवर विमान-तिकिटांच्या ऑफिसात होते. न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, लंडनचा लांबलचक थांबा धरून सव्वीस तास, वर घड्याळाचा साडेदहा तासांचा फरक... गिऱ्हाइकांना मी हे तोंडपाठ सांगायचे. आणि घरच्याच तिकिटावर माती खाल्ली!

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले होते. "मुलाला बोलावून घ्या," डॉक्टर म्हणाले. दादा बुधवारी रात्री न्यूयॉर्कहून निघणार होता. तिकिटावर पोचायच्या वेळेपुढे '+२' होतं, म्हणजे शुक्रवार. मी घाईत '+१' समजले आणि गुरुवारीच जीप घेऊन मुंबईला गेले.

आणि दादा आला! सकाळी साडेअकराला गेटमधून बाहेर... हात रिकामे. "बॅगा उद्या येतील," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर घोटीला चहाला थांबलो, तर खाली उतरला नाही. "ताई, दादा लय गप हायेत," ड्रायव्हर सुभाषभाऊ कुजबुजले. म्हटलं, दमलाय.

घरी आला तो अण्णांजवळ बसला, उठेचना. अण्णांनी त्याचा हात धरून ठेवला होता. कित्येक दिवसांनी त्यांनी आईकडे भात मागितला. आम्हाला केवढं बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"सुमे, अगं तासभर उभा आहे विमानतळावर. घ्यायला कोणीच कसं नाही आलं?"

दादाचा आवाज. आणि आतल्या खोलीत दादा अण्णांना पेपर वाचून दाखवत होता... तोही मला ऐकू येत होता. एका कानात हा, दुसऱ्यात तो! कसंबसं "टॅक्सी कर" म्हणाले. फोन ठेवला, तर आतलं वाचन थांबलं होतं.

आत गेले. अण्णा एकटेच, पेपर पलंगावर. खोलीच्या दारातच आई तांदूळ निवडत होती. "बाहेर कोणी गेलं नाही गं," ती म्हणाली.

मी तिकिटाची झेरॉक्स काढून पाहिली. गुरुवारी साडेअकराला दादाचं विमान अटलांटिकवर होतं.

चार वाजता अण्णा गेले. दादा पोचला साडेपाचला.

रडून रडून शांत झाल्यावर त्याने विचारलं, "शेवटी माझी आठवण काढली का गं त्यांनी?"

खरंच काढली नव्हती. कशाला काढतील? मी आईकडे पाहिलं, आईने मान खाली घातली. त्याला सांगणार तरी काय... तुझ्याआधी तू येऊन गेलास? "नाही रे," मी म्हणाले.

ते कोण होतं, आम्हाला आजही माहीत नाही. आई त्या खोलीत एकटी जात नाही. आणि दादाला अजून वाटतं, अण्णा त्याच्यावर रागावून गेले.