अर्पण केलेल्या पंधरा गोळ्या

मन्मथअप्पा सेलूच्या जिनिंगमध्ये रुई पारखायचा. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगायचा. चौतीस वर्षांचा होता. परवा गेला.

जेवण झालं की तो ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचा. गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय त्याच्या तोंडात काही जात नसे. एकदा दाखवलेलं टाकायचं नाही, हा नेम. आमच्या लिंगायत घरांत हे सगळेच मानतात. तो पाळायचा.

दोन वर्षं त्याचा हिवताप जात नव्हता. जपानच्या लढाईमुळे हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं. त्याचा शेजारी म्हणून मी त्याला परभणीला डॉक्टर दिनकररावांकडे नेलं. त्यांनी दुसऱ्याच औषधाच्या पंधरा गोळ्या दिल्या. रोज तीन. मला बजावलं, "लघवी काळी झाली तर लगेच बंद. काहींचं रक्त या गोळीनं फुटतं."

परतताना गाडीत मी अप्पाला हे दोनदा सांगितलं.

"काळी म्हंजे किती काळी? तुझ्या शाईवानी?" तो हसला. "बी.ए. झालास, आन् आता माझी लघवी बघत बसणार."

गोळ्या सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको सिद्धम्मा मला बोलवायला आली. "भाऊजी, तुमी येऊन सांगा. माझं ऐकनात."

अप्पा भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळे. धाप लागलेली. भांड्यातली लघवी कोऱ्या चहासारखी. समोर पळसाच्या पानावर उरलेल्या नऊ गोळ्या, भस्म लावलेल्या.

"टाक त्या," मी म्हणालो.

"टाकू कशा? पहिल्याच दिवशी पंधराच्या पंधरा अर्पण केल्या की."

"रोजच्या रोज तीन का नाही केल्यास?"

"ताप समदा जावा म्हणून. चुकलं म्हण. पर आता परसाद झालाय त्यो. परसाद टाकतेत का?"

"औषध आहे ते, अप्पा."

"लय भ्या वाटायलंय न्हवं तुला? मग वाटून खाऊ. परसाद वाटला तर चालतंय." त्यानं पान माझ्याकडे सरकवलं. "घे, बी.ए."

मी हात मागे घेतला.

"बघ. आन् मला शिकवायलास."

सिद्धम्मा पुढे झाली. "मला द्या."

"तुझ्या पोटात लेकरू हाय," म्हणून त्यानं पान उचलून घेतलं.

सकाळच्या गाडीनं मी परभणीला गेलो. डॉक्टरांना घेऊन दुपारी परतलो तेव्हा पान रिकामं होतं.

"सकाळीच खाल्ल्या," सिद्धम्मा म्हणाली. "एकदम. म्हणले, त्यो आला की भांडण करील."

डॉक्टरांनी करता येईल ते केलं. त्याची लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

काल मी डॉक्टरांकडे गेलो. असं का झालं, एवढंच विचारलं.

ते बराच वेळ बोलले. प्राणवायू शरीराला जगवतो आणि जाळतोही. पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ असतो. यकृतात पुष्कळ, रक्ताच्या तांबड्या पेशींतही. हा पदार्थ तो जाळ स्वतःवर घेतो, मग पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि पुन्हा घेतो. "अप्पाच्या रक्तात तो पुन्हा पहिल्यासारखा होत नसावा. गोळीनं जाळ वाढवला, राखणदार कमी पडला, पेशी फुटल्या. हा माझा तर्क. कुठल्या पुस्तकात मी असं वाचलेलं नाही."

"सगळ्यांना असं होतं?"

"छे, थोड्यांनाच. तुम्ही दोनचार खाल्ल्या असत्या तर बहुधा नुसतं मळमळलं असतं."

अप्पानं ते पान माझ्याकडे सरकवलं होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"त्याला सख्खा भाऊ आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. चन्नप्पा. जिंतूरला असतो."

"ही गोळी त्यानं कधीही घ्यायची नाही. एका घरात असं दोघांचं असू शकतं. आजच सांगा."

चन्नप्पा मातीला आला होता, तो अजून सेलूतच होता. संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्याला गोळीचं नाव सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं. त्यानं कागदाची घडी घालून टोपीत ठेवली.

"दादानं किती खाल्ल्या?"

"पंधरा."

"तुमी तिथंच होता न्हवं?"

"होतो," मी म्हणालो.