ऑपरेशनच्या सकाळचा शिरा

मी स्वतःला लठ्ठ असं कधीच म्हटलं नाही. मी स्वतःला भारदस्त म्हणत आले, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळानेही इतकी वर्षं मला तशाच भूमिका दिल्या: खाष्ट सासू, राजमाता, एकदा तर न्यायाधीश. इथे अमेरिकेत, हर्नडनमधल्या शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह मी एका हुंकारात शांत करत असे. पण गेल्या वर्षीच्या नाटकात राजमाता सिंहासनावर बसली आणि तिला उठताच येईना. गुडघे ऐकेनात, श्वास पुरेना. शेवटी युवराजाचं काम करणाऱ्या पोराने संहितेत नसलेला नमस्कार करण्याच्या निमित्ताने खाली वाकून माझी कोपरं धरली आणि मला अक्षरशः उपसून काढलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय हा मायलेकांचा जिव्हाळा! मी मात्र विंगेत खुर्चीवर धापा टाकत बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शरीराला घाबरले होते.

त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं. शुगर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री तोंडावर मशिनचा मुखवटा. चालणं, पोहणं, भाकरी सोडणं, भात सोडणं, सगळं करून झालं होतं. मी सगळं सोडायचे आणि थोड्याच दिवसांत सगळं मला शोधत परत यायचं. शेवटी एका सर्जनबाईंकडे पाठवलं. बाई इतक्या सडपातळ की पहिल्या भेटीतच मला त्यांचा राग आला. त्यांनी कागदावर माझ्या पोटाची पिशवी काढली, त्यावर एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "एवढा भाग काढून टाकायचा. उरेल ते केळ्याएवढं." मी विचारलं, "वेलची केळं की राजापुरी?" त्यांना ते कळलं नाही. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, खाली मान घालून हसत राहिला.

हसून निघाले खरी, पण मनात एक काटा रुतला होता. आमची कुलदेवी अंबाबाई. रोज सकाळी तिची पूजा केल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. आणि देवीने दिलेलं पोट आपण कापून फेकायचं? मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सुधाताई तर फोनवर स्पष्टच म्हणाल्या, "अगं, जिभेवर ताबा ठेव की! असली ऑपरेशनं श्रद्धा कमी पडते तिथे करतात." मी रंगमंचावर कुणालाही उलट उत्तर देते, पण त्या दिवशी "बरं, ताई" म्हणून फोन ठेवला. पुढे रोज पूजेला बसले की देवीला विचारत असे, "आई, करू ना गं?" तिच्याकडून काही उत्तर येत नसे. ती माझ्यासारखी बडबडी नाही. उत्तर आलं ते आमच्या अनुजाकडून. इथेच जन्मलेली, पेशाने वकील, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य कोर्टात उभं असल्यासारखं. ती म्हणाली, "आई, शुगरची गोळी घेताना तू देवीला परमिशन मागतेस का? नाही ना? देन व्हॉट्स द इश्यू?" त्यावर माझ्याकडे अपील नव्हतं. मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ घ्यायचे असतात. त्याने लिव्हर आक्रसतं आणि सर्जनला आत नीट काम करता येतं. आमच्या घरात ते दोन आठवडे मी एखाद्या महानाट्यासारखे सादर केले. व्हॅनिलाच्या चवीचा तो शेक म्हणजे पाण्यात कालवलेला खडू. मी तो चांदीच्या भांड्यातून प्यायचे, प्रत्येक घोटाला डोळे मिटायचे, आणि श्रीकांत पोळीभाजी घेऊन गॅरेजमध्ये जाऊन जेवायचा. पण एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. कुणाकडे डोहाळजेवण होतं, तिथे जाऊन मी काळा चहा पिऊन आले. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जरा उशिरा पोचायचं होतं, म्हणून पहाटे उठून साग्रसंगीत पूजा केली. पैठणी नेसता येणार नव्हती, तरी अंगावर उपरण्यासारखी घेतली. फुलं वाहिली, आरती म्हटली, आणि एवढ्या मोठ्या कामाला निघताना देवीचं तोंड गोड केल्याशिवाय कसं जायचं, म्हणून केळं घालून सत्यनारायणाला करतो तसा शिरा केला. नैवेद्य दाखवला. देवीपुढे डोकं टेकून म्हटलं, "आई, जाऊन येते. काही चुकलं असेल तर आताच सांग, नंतर कापलेलं पोट परत शिवता येणार नाही." आणि मग, जसं रोज करते तसंच, डोळे मिटून प्रसाद घेतला. श्रीकांत तेव्हा गाडीत पिशव्या ठेवत होता. हाताला तूप लागलं होतं, ते रुमालाला पुसलं आणि निघाले.

तुम्ही वाचताय, तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही! देवीशपथ सांगते, माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. आमच्याकडे कडक उपासाच्या दिवशीही प्रसाद नाकारत नाहीत. खाणं वेगळं, प्रसाद वेगळा. त्यामुळे हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मध्यरात्रीनंतर काही खाल्लं-प्यायलंत?" तर मी म्हटलं, "काही नाही." आत नर्सने विचारलं, "काहीच नाही?" म्हटलं, "काहीच नाही." सुई लावताना दुसरीने विचारलं, तेव्हा तर मी जरा दुखावल्या सुरात म्हटलं, "अहो, दोन आठवडे मी हवेवर जगतेय!" तिने माझ्या दंडावर थोपटलं. मी खोटं बोलत नव्हते. तिन्ही वेळा मला अगदी खरं वाटत होतं.

भूल देणारे जे डॉक्टर यायचे होते, ते अचानक आलेल्या दुसऱ्या एका पेशंटमध्ये अडकले. त्यांच्या जागी पडदा सारून एक गृहस्थ आत आले. काळेसावळे, पांढरी दाढी, आणि देह असा की माझं मन एकदम निवलं. म्हटलं, चला, आपल्यातला माणूस. नाव डॉक्टर वॉल्टर. त्यांनी माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं. नर्स ते पुसायला विसरली होती. ते म्हणाले, "आज सकाळी प्रार्थना करून आलेल्या दिसता." मला असा श्रोता मिळाल्यावर काय होतं हे आमच्या घरच्यांना विचारा. अंगावर तो मागून उघडा गाऊन, हाताला सुई, तरी मी पलंगावरच सगळी पूजा उभी केली. समईची ज्योत कशी, आरतीचा ठेका कसा, फुलं कोणत्या क्रमाने. अनुजा पुटपुटली, "आई, ही इज बिझी." पण डॉक्टरांनी हातातलं पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मग? आरतीनंतर काय करता?"

"मग नैवेद्य. देवीला गोड दाखवायचं."

"आणि मग त्या गोडाचं काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. ते माझ्याकडे फार प्रेमाने बघत होते. म्हणाले, "माझी आई चर्चमध्ये जायची. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी ती सगळ्यांना सांगत होती, काही खाल्लं नाही. चर्चमधून ब्रेड आणि वाइनचा प्रसाद घेऊन आली होती! मी विचारलं तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, ते खाणं नाही, ते प्रभूचं आहे." मग जरा पुढे वाकून हळू म्हणाले, "मॅम, तुमचं आणि माझ्या आईचं बरोबर असेल. पण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि फुप्फुसाला हा फरक कळत नाही."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय धावलं! इन्शुरन्सची मंजुरी मिळायला लागलेले महिने, श्रीकांतची रजा, दोन आठवड्यांचा खडू, सुधाताई. खरं सांगितलं तर हे लोक मला घरी पाठवणार. आणि मी कोण? मी चेहऱ्यावरची रेघ न हलवता काहीही म्हणू शकणारी बाई. "ते घरच्यांना वाटून टाकलं," एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओठांवर तयार होतं, पट्टीसुद्धा लागली होती. पण घशातून आवाजच फुटेना. माझ्या बाबतीत हे आजवर घडलेलं नाही. संवाद विसरले तरी मी काहीतरी म्हणतेच. त्या शांततेत मला एकदम पहाटे मी देवीला काय विनवलं होतं ते आठवलं: काही चुकलं असेल तर आताच सांग.

"चिमूटभर घेतला," मी म्हटलं.

"आई!" अनुजा ओरडली.

"बरं, दोन चमचे."

श्रीकांत इतकी वर्षं माझ्याबरोबर राहतोय. तो शांतपणे म्हणाला, "खरं सांग. वाटी की चमचा?"

"वाटी," मी म्हटलं. "पण लहान वाटी. नैवेद्याची."

"काय होतं त्यात?" डॉक्टर वॉल्टरनी विचारलं. रवा, साखर, केळं, दूध. "आणि?" आणि तूप. "किती?" मी वर छताकडे पाहिलं. श्रीकांत म्हणाला, "डॉक्टर, ही करते त्या शिऱ्यात रवा नावापुरता असतो." त्यावर ते एवढे हसले की पलीकडच्या पडद्याआडचा पेशंटही हसला. मग हसू पुसून त्यांनी सर्जनबाईंना फोन लावला. बाई आल्या. त्या हसल्या नाहीत. ऑपरेशन आज नाही, एवढंच म्हणाल्या.

मी खूप रडले. खरंखुरं रडले, एकही प्रेक्षक नको होता तेव्हा. जाता जाता डॉक्टर वॉल्टरनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी आज निवांत जेवेन." गाडीत श्रीकांत नुसता समोर रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं, रागावलाय. घराच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन थांबला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून म्हणाला, "अगं, तू नसतं सांगितलंस तर?" त्याचे खांदे हलत होते. तेव्हा मला समजलं की मी कशाच्या दारातून परत आले होते.

सुदैवाने पुढच्याच आठवड्यात दुसरी तारीख मिळाली. त्या सकाळी देवीला नुसतं फूल वाहिलं आणि म्हटलं, "आज तू पण उपाशी, मी पण." हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टर वॉल्टरना शोधत होते. ते त्या दिवशी तिथे नव्हते. नर्स म्हणाली, ते आमच्याकडे क्वचितच येतात. आधीच्या वेळी जे यायचे होते, तेच डॉक्टर आले. तरुण, हुशार, चटपटीत. त्यांनीही विचारलं, "काही खाल्लं?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान डोलावली, स्क्रीनवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. बस्स, तेवढंच. मी त्या पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघतच राहिले. मग भुलीचं औषध चढलं आणि राजमाता गाढ झोपली.

ऑपरेशन उत्तम झालं. आता मशिनचा मुखवटा कपाटात गेलाय, शुगरच्या गोळ्या निम्म्या झाल्यात, आणि यंदाच्या नाटकात मी चक्क चोर आहे. खिडकीतून उडी मारते. सुधाताई बघून म्हणाल्या, "श्रद्धा असली की होतं गं सगळं." मी म्हटलं, "हो ना, ताई." सगळीच भांडणं जिंकायची नसतात.

देवीने मला वाचवलं का, की तो एका मोठ्या मनाच्या डॉक्टरचा अनुभव होता, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी त्या दोघांनाही रोज नमस्कार करते. एक गोष्ट मात्र माझ्यात बदलली. शरण जायचं म्हणजे सगळं तिच्यावर सोपवून आपण डोळे मिटायचे, असं मी समजत होते, आणि ते फार छान वठवतही होते. प्रत्यक्षात ती वेळ आली तेव्हा मला डोळे उघडे ठेवून, सगळ्यांसमोर, तो मागून उघडा गाऊन घालून एक लाजिरवाणं खरं बोलावं लागलं. माझ्या एकटीच्याने ते झालं नसतं. कुणीतरी आधी माझा आवाज काढून घेतला, आणि मग परत दिला. त्या आवाजाने हल्ली मी पूजेत कमी बोलते. ऐकत बसते.