अर्ध्या पायऱ्यांवर भेटलेली बाई

शेवटचं रेडिएशन झालं तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत जो भेटेल तो म्हणायचा, "सुटलीस बाई एकदाची." मीही हसून हो म्हणायचे. पण खरं सांगते, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असताना मी घाबरले नव्हते तितकी ते संपल्यावर घाबरले. तोवर कुणी ना कुणी डॉक्टर माझ्याकडे बघत असायचे. आता एकदम कुणीच बघत नव्हतं. पाठ दुखली की वाटायचं, हाडात गेला. खोकला आला की वाटायचं, छातीत गेला. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. ती तारीख मी चुकवली, पुढचीही चुकवली. घरी सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर आहेत. देवभोळी म्हणून ओळखली जाणारी मी, आपल्याच माणसांशी खोटं बोलू लागले होते.

माहूरला रेणुकामातेची ओटी भरायचा नवस तेवढा बाकी होता. यांचे गुडघे धरलेले, म्हणून हे खाली नारळाच्या दुकानाशी थांबले आणि मी एकटीच पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर दम लागला. ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात सुजून जड झाला होता. मी कडेला टेकले आणि मला रडू फुटलं. मनात म्हटलं, आई, बोलावलंस तर वर का येऊ देत नाहीस?

माणसं बाजूनं जात होती. पन्नाशीची एक बाई थांबली. तिनं माझं तोंड पाहिलं नाही. सूज उतरावी म्हणून हातावर चढवलेली घट्ट बाही पाहिली. मग पदर सारून स्वतःच्या दंडावरची तशीच बाही दाखवली.

"तपासणीला जातीस का?" तिनं विचारलं.

मी पदरानं बाही झाकली. ती शेजारीच बसली. "मी बी दोन खेपा चुकवल्या होत्या. लई भ्या वाटतंय, हाव."

जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. तिचं नाव कांताबाई. नांदेडला एसटीत कंडक्टर. मी म्हणाले, "देवीनंच धाडलं तुम्हाला."

ती हसली. "मी बौद्ध हाय बाई. देवीला आले न्हाई. ही आमची संगीता एकटी चढंना, म्हणून आले." दोन पायऱ्या वर एक बारीकशी तरुण बाई उभी होती, डोक्यावर नुकते उगवलेले केस. उपचार संपलेली आमच्यासारखी माणसं नांदेडला महिन्यातून एका रविवारी विहारामागच्या खोलीत जमतात, असं कांताबाईनं सांगितलं. माझं ओटीचं ताट तिनं घेतलं आणि आम्ही तिघी हळूहळू वर गेलो. ओटी भरताना काय मागायचं ते मला आठवलंच नाही. परतताना कांताबाईच्या हातावर देवीच्या प्रसादाचा तांबूल ठेवला. तिनं तो चवीनं खाल्ला.

त्या रविवारी मी गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दहाजण बसले होते. रेणापूरचे एक काका, घशाचं ऑपरेशन झालेले, गळ्यावरच्या छिद्राशी बोट धरून थांबत थांबत बोलले, "तपासणीआधी आठ दिवस... मी घरात... नुसता भांडत असतो." सगळे हसले, कारण सगळ्यांचं तेच होतं. मी चुकवलेल्या तारखा सांगितल्या. कुणी रागावलं नाही. कांताबाई एवढंच म्हणाली, "मंगळवारी माझी सुट्टी हाय. जाऊ."

घरी येऊन यांना खरं सांगितलं. हे म्हणाले, "तू खोकललीस की मी बी भिऊन राहिलो. पण बोलायचं कसं?" इतके महिने एका घरात आम्ही दोघं वेगवेगळे घाबरत होतो.

मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला कांताबाई. नाव पुकारलं तेव्हा उठून आत गेले. काय निघेल ते निघो, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं. रिपोर्ट चांगला आला.

पुढे दोन महिन्यांनी संगीताचा आजार मात्र उलटला. माझ्यावर कृपा झाली आणि तिच्यावर नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? याचं उत्तर शोधायचं मी सोडलं आहे. तिच्या केमोच्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी तिच्याजवळ असतं. मागच्या खेपेला मी होते. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झोपली, आणि ते मला देवळात बसल्यासारखं वाटलं.

आता सकाळी पूजेला बसते तेव्हा मी काही मागत नाही. आमच्या अकराजणांची नावं घेते, पहिलं संगीताचं. देवीला न मानणाऱ्या कांताबाईचंही घेते. नावं संपली की हात जोडते आणि चहा ठेवायला उठते.