माझ्या हातची डाय

मी टर्नर माणूस. मायक्रोमीटरनं मोजता येतं तेवढंच खरं, हा माझा बाणा. भुतंखेतं, करणी, नजर... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. तरीही हे लिहितोय, कारण एक गोष्ट मला आजतागायत मोजता आलेली नाही.

१९७९ च्या आसपासची गोष्ट. बहरीनला अदलियात एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. आमच्या गोऱ्या साहेबाला शिकारीचं वेड — सुट्टी मिळाली की आफ्रिका गाठायचा. दुकानातली काडतुसं त्याला पसंत पडत नसत. मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिचं तोंड आवळून बारीक गोळी बसवायची... अशा घरच्या काडतुसाला तो 'वाईल्डकॅट' म्हणायचा. तोंड आवळायला पोलादी साचा लागतो, डाय. ते काम त्यानं मला आणि शेजारच्या लेथवरच्या वसंताला सांगितलं. जो बनवेल तो फोरमन! आणि फोरमनला फॅमिली व्हिसा मिळायचा. मी घरी पत्र टाकलं, बायकोनं लगेच पासपोर्ट काढला.

वसंता माझ्याच गावचा, माझ्या शब्दावर बहरीनला आलेला, माझ्याच खोलीत राहणारा. त्यानं चार दिवसांत हात टेकले. मी शिफ्ट संपल्यावर चार महिने खपलो. डाय पुरी झाली तेव्हा साहेब सुट्टीवर होता, आणि त्याच आठवड्यात वडील आजारी असल्याची तार आली. खंडेनवमी तोंडावर. आमच्या घरची रीत अशी, की नव्या हत्याराच्या पहिल्या पूजेला कुंकू लावून त्याला करणाऱ्याचं नाव सांगायचं, म्हणजे ते त्याच हाताला साथ देतं. मी मानत नव्हतो, पण वडिलांसाठी करायचो. ती पूजा आणि डाय साहेबाच्या हातात देणं, दोन्ही मी वसंतावर सोपवलं.

"तू बिनघोर जा रे सदा. मी हाय ना!"

दीड महिन्यानं परतलो तर वसंता फोरमन! डाय आपणच बनवली असं त्यानं साहेबाला सांगितलं होतं. माझी ड्रॉइंगं गायब. मी केबिनमध्ये जाऊन तावातावानं भांडलो. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "मुँह नहीं, हाथ बोलेगा. फ्रायडे को देखेगा."

शुक्रवारी सकाळी सखीरला गेलो. तेव्हा तिथे नुसतं वाळवंट होतं. दोघांनी त्याच डायमधून पाच-पाच पुंगळ्या काढल्या. दारू साहेबानं स्वतः तोलली, गोळ्या त्यानंच बसवल्या, बंदूकही त्यानंच चालवली. वसंताच्या पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकाव्यात इतक्या जवळ लागल्या. माझ्या... एक डाव्या कोपऱ्यात, दोन उजवीकडे, दोन तर पुठ्ठ्याला लागल्याच नाहीत. मी पुंगळ्या मोजल्या — दहाच्या दहा सारख्या! पुन्हा पाच काढल्या. पुन्हा तेच.

साहेब "खलास" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

माणसानं दगा दिला तर समजतं हो. वसंतालाही बायकोमुलं होती. पण ज्या पोलादाला मी चार महिने हातानं घासलं, त्यानं माझ्याशी असं का वागावं? मी तिथेच, सगळ्यांसमोर रडलो. आणि काहीही न मानणाऱ्या मी मनाशी पक्कं केलं, की वसंतानं पूजेत स्वतःचंच नाव सांगितलं असणार.

नऊ-दहा वर्षांनी दोघंही गावी परतलो. एक दिवस तो घरी आला. डाय फडक्यात गुंडाळून आणली होती. मी एकच विचारलं, नाव कुणाचं घेतलंस?

"तुजंच रे सदा. सायबाकडं खोटं बोललो, पन पूजेत न्हाय. पोरांची आन." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला चहाही विचारला नाही.

तो खरं बोलत होता. ते तोंडावरून कळलं, आणि तेच मला जास्त लागलं. खोटं बोलला असता तर निदान सगळा राग त्याच्यावर काढता आला असता. म्हणजे डायला माझं नाव ठाऊक होतं... आणि तरीही!

खंडेनवमीला बायको घरातल्या सगळ्या हत्यारांना कुंकू लावते. डाय मात्र मी बाहेर काढत नाही. कपाटाच्या तळाच्या कप्प्यात आहे, बायकोच्या त्या जुन्या पासपोर्टशेजारी. पासपोर्टवर एकही शिक्का नाही.