बॉर्डर खलास

कलिंगड कानाशी धरून भाई त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे, डोळे मिटून ऐकायचे, मग ते काट्यावर ठेवून म्हणायचे, "खलास, वैनी."

तुम्ही मस्कतला राहिला असाल तर तुम्हांला ठाऊकच आहे, इथे खलास म्हणजे झालं, काम संपलं, चला पुढे. पण मी पडले साताऱ्याकडची. आमच्याकडे खलास म्हणजे मेला. नवी होते तेव्हा मी त्यांना म्हटलं, "भाई, खाण्याच्या वस्तूवर असलं काय बोलता?"

"वैनी, बत्तीस वर्षं अर्बाबाकडे नोकरी केली. जीभपण मालकाचीच झाली आता."

दापोलीच्या खाडीकाठचा माणूस. मवालेहच्या भाजीबाजारात गाळा सांभाळायचा. घुब्रात आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचा. बायको सासूच्या दुखण्यामुळे गावी, म्हणून मुलगी रेहाना शाळेतून आमच्याकडेच यायची. तिचं मराठी म्हणजे भेळ. ताट पुढे सरकवून म्हणायची, "काकू, जेवण खलास."

"झालं म्हण गं."

"झालं," म्हणायची आणि हात धुवून आली की, "काकू, साबण खलास."

ही पोरगी डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली. भाई गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचे, "अजून दोन वर्षं, इन्शाल्ला."

आणि त्या फेब्रुवारीत तिकडे लढाई सुरू झाली.

भाईंनी आमच्या ह्यांच्याकडून नकाशा मागून नेला आणि काट्यामागे चिकटवला. पेट्यांवर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने खारकीव्हभोवती गोल काढला. "इथून बॉर्डर किती लांब?" हे म्हणाले, "दापोलीहून नागपूर गाठाल आणि तरी पुढे चालाल." भाईंनी बोटाने ते अंतर मोजलं. नकाशावर जेमतेम वीतभर होतं.

रेहाना सहा दिवस वसतिगृहाच्या तळघरात होती. बॅटरी पुरावी म्हणून दिवसाला एकच मिनिट बोलायची. भाई तेवढ्यात एकच विचारायचे, "खाल्लंस?" ती म्हणायची, "बिस्किट." निघताना तिथल्या राखणदार म्हातारीने स्वतःचे लोकरी बूट पोरीच्या पायांत घातले. मग उभ्याने रेल्वे, मग बर्फातून पायी. शेवटचा फोन आला तो सीमेवरच्या रांगेतून. "अब्बा, लाइन हलत नाही. लोक पडतायत थंडीने." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. मी डबा घेऊन बाजारात गेले, कारण हा माणूस जेवला नसणार हे मला ठाऊक होतं. एका बाईचे टोमॅटो काट्यावर होते. भाई एक घालत होते, एक काढत होते. वजन बघतच नव्हते. बाई पिशवी उघडी धरून उभी होती.

तेवढ्यात फोन वाजला. मेसेज. रेहानाबरोबरच्या लातूरच्या मुलीच्या फोनवरून.

भाईंनी वाचला आणि बटाट्याच्या पोत्यावर बसले. हातात टोमॅटो तसाच. फोन माझ्यापुढे धरला. "वैनी, वाचा. मला चष्मा नाही." चष्मा डोळ्यांवर होता.

मी वाचलं. 'काका, रेहाना बॉर्डर खलास.'

दिवसातून शंभरदा तो शब्द बोलणारा माणूस, आणि त्या वेळेला त्यांना तो आमच्यासारखा ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मलाही तसाच आला. मेसेज मी पुन्हा वाचला. मग डोक्यात आलं, की लातूरची पोर मैत्रिणीबद्दल असं लिहील? माणूस वारतो, जातो. खलास होतो तो ढेकूण.

"भाई, हे आमचं खलास नाही. तुमचं आहे. पोरीने सांगितलंय आणि त्या मुलीने जसंच्या तसं लिहिलंय. साबण खलास, तशी बॉर्डर खलास. ओलांडली तिने."

"खात्री आहे, वैनी?"

"आहे."

नव्हती. हे आज तुम्हांला सांगते, त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या नंबरावर आम्ही फोन लावत राहिलो, तो लागेना. शेजारच्या गाळेवाल्याने टोमॅटोवाल्या बाईला तिचे टोमॅटो दिले, पण ती गेली नाही, तिथेच उभी राहिली. पाऊण तासाने तिकडून फोन आला.

"अब्बा? सूप देतायत इथे. मेसेज मिळाला ना? मी बोलली होती तिला, लिही बॉर्डर खलास."

भाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. म्हणाले, "खाल्लंस?"

महिन्याभरात रेहाना घरी आली. पण नकाशा काट्यामागे वर्षभर तसाच होता. तिला शिकवणारे डॉक्टर आघाडीवर गेले, वर्गातली मुलं बंदुका घेऊन उभी राहिली, देशच्या देश उलटापालटा झाला. त्यातलं सगळं मला कळत नाही. भाई मात्र बातम्या ऐकून आघाडीची निळी रेघ पुसून नव्याने ओढायचे आणि रेहानाला रोज विचारायचे, "ती बूटवाली म्हातारी आहे ना?" हिवाळ्यात एकदा त्यांनी विचारलं आणि पोरगी उठून आत गेली. पुढे त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, शब्दाचं काय झालं? त्या दुपारनंतर भाईंच्या तोंडून तो मी ऐकला नाही. अरबी गिऱ्हाईक समोर आलं तरी नुसते मान हलवायचे. आमच्याशी "झालं, वैनी."

पुढे बाजार तिथून हलला. अर्बाबाने गाळा सोडला आणि भाई कायमचे दापोलीला निघाले. रेहाना दुसऱ्या देशात उरलेली डॉक्टरी करत होती. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कलिंगड निवडलं. दोनदा टकटक केली, डोळे मिटले, या वेळी जरा जास्तच वेळ ऐकलं.

"झालं, भाई?" मीच विचारलं.

"झालं." मग चप्पल पायांत सरकवून म्हणाले, "येतो, वैनी."

आता दुकानात गारेगार कलिंगडं रचलेली असतात. मी एकेक कानाशी धरते, दोनदा टकटक करते. मला त्यातलं काही ऐकू येत नाही. तरी जरा थांबते, मग काट्यावर ठेवते.