रेडिएटरचे डॉक्टर

कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी राहणारे मराठी डॉक्टर दाराशी बूट काढून आत यायचे आणि माणसांआधी खोली तापवणाऱ्या रेडिएटरची चौकशी करायचे. त्या थंडीत पुण्याहून आलेली माझी आई रोज म्हणायची, "परतीचं तिकीट काढ." तिच्या खोलीतल्या रेडिएटरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह झिजला होता, चावी नुसतीच फिरायची आणि आत अडकलेल्या हवेमुळे तो तापतच नव्हता.

"वहिनी, याला गॅस झालाय," म्हणत डॉक्टरांनी पाणी बंद केलं आणि व्हॉल्व्ह पान्यानं काढला. आत उरलेलं काळं पाणी थेट त्यांच्या मोज्यांवर उडालं. नवा व्हॉल्व्ह बसवून, पाणी सुरू करून, कपाळाला लावावा तसा त्यांनी रेडिएटरला पालथा हात लावला.

"ताप चढतोय. उत्तम."

आईनं त्यांचे मोजे धुऊन रेडिएटरवरच वाळत घातले.

"होळीला पुरणपोळ्या करीन," ती म्हणाली, "जेवायला या."