बाणातला ण

"आई, पानी नाही. पाणी."

लुकासनं हसत हसत सांगितलं. पिंगळीत, आमच्या पत्र्याच्या घरात, खुर्चीवर बसून. माझा हात मागायला तो जर्मनीहून आलता. आई तांब्या घिऊन पुढं उभी. एवढंच म्हनली व्हती, "पावनं, पानी घ्या."

आईनं पदर तोंडाला लावला. हसली. मग तो जाईपर्यंत एक शब्द बोलली न्हाई. माझी आई! उसाच्या भर फडात मुकादमाला शिव्या हासडनारी बाई ती.

लुकासला मराठी मीच शिकवली. मी तिकडं नर्स हाय. त्याची भाषा शिकताना माझ्या नाकी नऊ आले, तवा तो म्हनला, "तुझी मला शिकव." शिकवली. आमी, न्हाई, लय. आईचे शब्द त्याच्या तोंडातून ऐकले की अंगावर मूठभर मांस चढायचं. जीव जडला तो तिथंच.

मग तिथल्या मराठी लोकांच्या गनपतीत गेलो. तो म्हनला, "लय भारी हाय." एक बाई खो खो हसली. "अय्या, कुठून शिकलास हे? आमच्याकडे भांडीवाली असं बोलते." मी बाजूलाच उभी. ऊसतोड सुटल्यावर माझ्या आईनं परभनीत भांडीच घासली.

दर रविवारी ती बाई त्याला शुद्ध मराठी शिकवाय लागली. नळातला न, बाणातला ण. त्याला वाटलं, आपली सुधारना व्हायली. मी गप. मला शाळेपासूनच सवय. मास्तर फळ्यापुढं उभं करून 'पाणी' म्हनायला लावायचे, पोरं दात काढायची.

तर त्या दिवशी लुकास परभनीला लॉजवर गेला. मी आत गेले. आई चुलीपुढं बसून पुटपुटायली.

"पाणी. पाणी. नाही. नाही."

भाकर करपायली, तिला भान न्हाई.

"आई, काय करायलीस?"

ती दचकली. "माझ्या बोलन्यापाई तुझं लगीन मोडाया नको, माय."

ते पुटपुटनं अजून कानातून जात न्हाई. वार्डात, बसमधी, कुठंबी येतंय. कुनी बोलत नसलं की हमखास.

दुसऱ्या दिवशी लॉजवर जाऊन लुकासला म्हनलं, "माझ्या आईची माफी माग."

"पण मी बरोबर तेच सांगितलं." त्याला खरंच कळंना.

मग मी जर्मनमधी बोलले. पुस्तकातल्या न्हाई, त्याच्या आजीच्या. "ही जर्मन कोन्या परीक्षेत न्हाई. तूच म्हनला व्हतास, 'आमच्या डोंगरातली बोली हाय, शिक.' मी शिकले. तुझ्या आजीला कधी दुरुस्त केलं का?"

"ते वेगळं आहे."

वेगळं! त्याच्या आजीची ती बोली, माझ्या आईची ती चूक. वा रे न्याय.

लगीन मीच मोडलं. जीव अजून तुटतो, खोटं कशाला बोलू? पन ज्या घरात माझ्या आईला तोंड उघडायची चोरी, त्या घरात मी नांदनार न्हाई.

आई आता फोनवर माझ्याशीबी अडखळती. "जेवलीस का" इचारलं तर दम खाऊन म्हनती, "नाही." माझ्याशी! पोटच्या पोरीशी, परक्यावानी.

तिला सांगून ठिवलंय. कितीबी वर्सं लागू दे. तू 'न्हाई' म्हनल्याबिगर मी फोन ठिवनार न्हाई.